पायथन २ च्या पिकल फाइली पायथन ३ मध्ये उघडताना

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची सर्व्हरवरची आवृत्ती बदलली, प्रोग्रॅम नव्या आवृत्तीसाठी दुरुस्त केला, सगळ्या चाचण्या पार पडल्या, आणि तरीही प्रत्यक्ष काम सुरू झाल्यावर पहिलीच जुनी नोंद उघडताना प्रोग्रॅम कोसळला, असे अनेकांच्या बाबतीत घडते. याचे कारण साधे आहे. चाचण्यांमधला डेटा नव्या पायथनने तिथल्या तिथे तयार केलेला असतो, तर कपाटातला डेटा जुन्या पायथनने लिहून ठेवलेला असतो. पायथन २ ला मिळणारा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये २.७.१८ ही त्या शाखेची शेवटची आवृत्ती निघाली. मात्र पायथन २ ने लिहिलेल्या फाइली अजूनही ठिकठिकाणी पडून आहेत आणि त्या उघडण्याची वेळ नेमकी कोणी तरी मशीन बदलल्यावर येते.

हा लेख पिकल या पायथनच्या स्वतःच्या साठवणपद्धतीबद्दल आणि तिच्यावर आधारलेल्या शेल्फ फाइलींबद्दल आहे. अशा प्रसंगी फाइल खराब झाली आहे असे समजून लोक जुन्या बॅकअपच्या मागे लागतात, पण बहुतेक वेळा फाइल जशीच्या तशी असते आणि बदललेला असतो तो वाचणारा. माझ्या अनुभवात खरा धोका एरर येण्यात नसतो. एरर थांबून फाइल उघडते आणि आतला मजकूर मात्र चुकीचा वाचला जातो, त्या टप्प्यावर खरे नुकसान होते.

सर्वांत आधी प्रोग्रॅमचे लिहिण्याचे काम बंद करावे. रात्री आपोआप चालणारी क्रॉनची कामे थांबवावीत, मूळ फाइलीची प्रत काढून मूळ फाइल केवळ वाचनीय करावी, दोन्हींचे चेकसम (फाइलीतल्या बाइट्सवरून काढलेले पडताळणीचे आकडे) लिहून ठेवावेत आणि पुढचे सगळे प्रयोग प्रतीवर करावेत. हे अतिसावधपणाचे वाटेल, पण अर्धवट वाचलेली डिक्शनरी (की आणि मूल्य अशा जोड्यांचा संच) नव्या पायथनने परत त्याच फाइलीत लिहिली, तर मूळ बाइट्स कायमचे जातात आणि मग कोणतीही युक्ती चालत नाही. दुसरी खबरदारी सुरक्षिततेची आहे. पिकल फाइल उघडताना तिच्यात दडवलेला कोणताही कोड चालू शकतो, त्यामुळे कोणी लिहिली हे ठाऊक नसलेली फाइल केवळ ‘उघडून पाहू’ म्हणून कधीही लोड करू नये.

एरर नीट वाचणे

ट्रेसबॅकची, म्हणजे प्रोग्रॅम कोसळताना पायथन जो तपशील छापतो त्याची, शेवटची ओळ पूर्ण वाचावी, कारण दोन अगदी वेगळे दोष एकाच नावाने येतात. ‘युनिकोडडीकोडएरर’ आली आणि तिच्यात यूटीएफ-८ या मजकूर बाइट्समध्ये लिहिण्याच्या पद्धतीचे नाव, ८० हा बाइट आणि शून्य हे स्थान दिसले, तर पिकलचा काही दोष नाही. तुम्ही फाइल बायनरीऐवजी टेक्स्ट मोडमध्ये उघडली आहे. पिकलच्या लिहिण्याच्या पद्धतीच्या आवृत्त्यांना प्रोटोकॉल म्हणतात. प्रोटोकॉल २ आणि त्यापुढच्या पिकल फाइलीचा पहिलाच बाइट सोळामान पद्धतीत ८० असतो. यूटीएफ-८ मध्ये या बाइटने कोणतेही अक्षर सुरू होऊ शकत नाही, म्हणून पायथन पहिल्याच पायरीवर अडखळतो. फाइल ‘आरबी’ (बायनरी वाचन) मोडमध्ये उघडली की हा प्रश्न मिटतो.

याउलट त्याच एररमध्ये यूटीएफ-८ च्या जागी एस्की या फक्त इंग्रजी अक्षरे जाणणाऱ्या जुन्या संकेताचे नाव आणि ई० हा बाइट असेल, तर तुमच्यासमोर पायथन २ चा खरा वारसा उभा आहे. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह (अक्षर, काना, मात्रा असे सगळे वेगवेगळे मोजून) यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट्स घेते आणि त्यातला पहिला बाइट नेहमी ई० असतो. म्हणून मराठी डेटाच्या बाबतीत ही एरर जवळजवळ ठरलेल्या रूपात येते. तिच्यात दिलेले स्थान फाइलीतले नसून त्या विशिष्ट स्ट्रिंगमधले, म्हणजे मजकुराच्या तुकड्यातले असते, हे लक्षात घ्यावे. अन्यथा ‘स्थान शून्य’ वाचून फाइलीची सुरुवातच बिघडली आहे असा गैरसमज होतो आणि अर्धा दिवस वाया जातो.

‘स्ट्रिंग ऑपकोडचे (स्ट्रिंग लिहिणाऱ्या सूचनेचे) आर्ग्युमेंट अवतरणचिन्हांत हवे’ अशा अर्थाची तक्रार आली, तर ती बहुधा विंडोजची देणगी असते. प्रोटोकॉल ० ची फाइल ओळींच्या स्वरूपात असते. ती टेक्स्ट मोडमध्ये लिहिली गेली किंवा प्रत काढताना एखाद्या साधनाने ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न घुसवला, की अवतरणचिन्हानंतर एक जास्तीचा बाइट उरतो. प्रतीमध्ये कॅरेज रिटर्न आणि लाइनफीड (ओळ संपल्याच्या खुणेचे बाइट्स) ही जोडी काढून तिथे नुसता लाइनफीड ठेवला की फाइल वाचता येते. हा उपाय केवळ प्रोटोकॉल ० च्या फाइलींवर करावा, कारण बायनरी प्रोटोकॉलमध्ये ती जोडी खऱ्या डेटाचा भाग असू शकते.

‘असमर्थित पिकल प्रोटोकॉल’ ही एरर उलट्या दिशेची आहे. तिथे नव्या पायथनने लिहिलेले जुना पायथन वाचू पाहत असतो. त्याबद्दल पुढे येईल.

न उघडता आत पाहणे

पायथनसोबतच पिकलटूल्स नावाचे मॉड्यूल येते आणि त्याचे ‘डिस’ हे फंक्शन पिकल फाइलीतल्या सूचना एकेक करून छापते. ते कोणताही ऑब्जेक्ट बनवत नाही आणि आतला कोडही चालवत नाही, त्यामुळे संशयास्पद फाइलीवरही ते निर्धास्त वापरता येते. छापील यादीच्या शेवटी फाइलीतल्या सूचनांपैकी सर्वांत वरचा प्रोटोकॉल कोणता, हेही लिहून येते.

या यादीत पाहायचे ते मजकूर कोणत्या सूचनेने लिहिला आहे, हे. पायथन २ मध्ये दोन प्रकारच्या स्ट्रिंग होत्या. साधी स्ट्रिंग ही प्रत्यक्षात नुसत्या बाइट्सची रांग होती आणि युनिकोड स्ट्रिंग, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरे मावणारा खरा मजकूर, वेगळी होती. साधी स्ट्रिंग ‘शॉर्ट-बिनस्ट्रिंग’ किंवा ‘बिनस्ट्रिंग’ या सूचनेने लिहिली जाते आणि युनिकोड स्ट्रिंग ‘बिनयुनिकोड’ने. पायथन ३ ला युनिकोडची काही अडचण नसते. साध्या स्ट्रिंगच्या बाबतीत मात्र ते बाइट्स मजकूर आहेत, तारीख आहे की एखाद्या चित्राचा तुकडा आहे, हे फाइलीत कुठेही लिहिलेले नसते, आणि इथेच पायथन ३ ला अंदाज करावा लागतो. काही सांगितले नाही तर तो एस्की गृहीत धरतो आणि पहिल्या देवनागरी अक्षरावर थांबतो.

प्रोटोकॉल ० ची फाइल तर साध्या एडिटरमध्येही वाचता येते. ‘पुणे’ हा शब्द साधी स्ट्रिंग म्हणून लिहिला असेल, तर एस या अक्षरानंतर अवतरणचिन्हांत बारा बाइट्सचे सोळामान आकडे एकापाठोपाठ एक दिसतात, ते असे: ई० ए४ एए, ई० ए५ ८१, ई० ए४ ए३, ई० ए५ ८७. तोच शब्द युनिकोड म्हणून लिहिला असेल, तर व्ही या अक्षरानंतर ०९२ए पासून सुरू होणारे चार संकेतांक दिसतात. एकाच फाइलीत दोन्ही प्रकार मिसळलेले असणे अगदी नेहमीचे आहे, कारण जुन्या प्रोग्रॅममध्ये कीबोर्डवरून आलेला मजकूर एका प्रकारचा असे आणि डेटाबेसमधून आलेला दुसऱ्या प्रकारचा असे.

जुना पायथन हाताशी असेल तर

पुढच्या सगळ्या खटपटी करण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा, तो म्हणजे पायथन २.७ कुठे चालवता येईल का? डॉकर या बंदिस्त पेटीत प्रोग्रॅम चालवणाऱ्या साधनावर २.७ ची तयार प्रतिमा (इमेज) उपलब्ध आहे आणि पायपाय या पायथनच्या पर्यायी बांधणीची २.७ शाखाही आहे. जुन्या प्रोग्रॅमसह ती चालत असेल, तर डेटा जुन्या बाजूनेच जेसनसारख्या तटस्थ स्वरूपात बाहेर काढणे हा सर्वांत सरळ मार्ग आहे, कारण कोणती स्ट्रिंग कशाची आहे हे जुन्या प्रोग्रॅमला माहीत असते आणि नव्याला ते ओळखून काढावे लागते. पायथन २ चे जेसन मॉड्यूल साध्या स्ट्रिंगला यूटीएफ-८ समजते आणि ती तशी नसेल तर थांबते. हे थांबणे उपकारक आहे, कारण वेड्यावाकड्या नोंदी तिथेच उघड्या पडतात.

मात्र जेसनला पिकलमधले सगळे समजत नाही. ट्युपलची (न बदलता येणाऱ्या यादीची) लिस्ट होते, डिक्शनरीतल्या पूर्णांकी कीज मजकूर बनतात, आणि तारीख तर तुम्हाला स्वतःच मजकुरात बदलून द्यावी लागते. सभासद क्रमांक १२७ ही पूर्णांकी की निर्यातीनंतर मजकुरातली १२७ होते आणि नव्या प्रोग्रॅमला तो सभासद सापडत नाही. म्हणून निर्यातीची स्क्रिप्ट लिहिताना प्रत्येक कीचा प्रकार परत कसा आणायचा, हे आधीच ठरवावे.

एन्कोडिंग निवडणे

जुना पायथन नसेल, तर पायथन ३ च्या ‘लोड’ फंक्शनला एन्कोडिंग, म्हणजे बाइट्सचा मजकूर कोणत्या संकेताने करायचा ते, सांगावे लागते. इथे तीन पर्याय आहेत आणि तिन्हींचे स्वभाव वेगळे आहेत.

यूटीएफ-८ सांगितले आणि सगळ्या साध्या स्ट्रिंग खरोखरच यूटीएफ-८ मजकूर असतील, तर काम एका फटक्यात होते. पण एक जरी स्ट्रिंग वेगळी निघाली तरी संपूर्ण फाइल नाकारली जाते, आणि फाइलीत तारखा असतील तर ती नाकारली जाणारच. पायथन २ तारीख आणि वेळ एका छोट्या साध्या स्ट्रिंगमध्ये लिहितो आणि तिचे पहिले दोन बाइट्स म्हणजे वर्ष असते. २०२० हे वर्ष ०७ आणि ई४ असे लिहिले जाते. यातला ई४ हा एस्कीत बसत नाही आणि यूटीएफ-८ म्हणूनही तिथे वैध ठरत नाही. १९२० पासून २०४७ पर्यंतच्या प्रत्येक वर्षाचा दुसरा बाइट एस्कीच्या बाहेरचा असतो, म्हणजे आपल्या कामातली जवळजवळ प्रत्येक तारीख अडते.

‘बाइट्स’ हा दुसरा पर्याय प्रत्येक साधी स्ट्रिंग बाइट्स म्हणूनच परत देतो. त्यात काही हरवत नाही, म्हणून तो प्रामाणिक आहे. पण तो त्रासदायकही आहे, कारण डिक्शनरीच्या कीजही बाइट्स होतात आणि तुमच्या स्वतःच्या क्लासच्या ऑब्जेक्टमधली गुणधर्मांची नावेसुद्धा बाइट्स होऊन बसतात. ऑब्जेक्ट दिसतो, पण त्याचे ‘नाव’ मागितले की असा गुणधर्मच नाही असे उत्तर येते. साध्या लिस्ट आणि डिक्शनरी असतील तेव्हाच हा मार्ग घ्यावा.

तिसरा पर्याय लॅटिन-१ हा आहे. नम्पाय या आकडेमोडीच्या मॉड्यूलच्या अ‍ॅरे (आकड्यांच्या रांगा) आणि पायथन २ च्या तारखा यांच्यासाठी पायथनच्या अधिकृत दस्तऐवजांनी हाच सांगितला आहे. तारखांसाठी पायथन ३.७.२ किंवा त्यापुढची आवृत्ती वापरावी, कारण आधीच्या काही आवृत्त्यांत लॅटिन-१ देऊनही तारीख उघडत नसे. लॅटिन-१ ची खुबी अशी की, त्यात शून्यापासून २५५ पर्यंतच्या प्रत्येक बाइटला एक आणि एकच अक्षर नेमलेले आहे. त्यामुळे ते कधीच अडत नाही आणि त्यातून मूळ बाइट्स नेहमी परत मिळवता येतात. त्याचा धोकाही हाच आहे. ते कशालाच नाही म्हणत नाही, त्यामुळे फाइल उघडली म्हणून सुटकेचा निःश्वास टाकणारा माणूस चिखल झालेला मजकूर तसाच पुढे साठवून ठेवतो.

हा चिखल मराठी माणसाला चटकन ओळखता येतो. प्रत्येक अक्षराच्या जागी आधी डोक्यावर तिरकी रेघ असलेला लॅटिन ए दिसतो आणि त्याच्या पाठोपाठ एक तर चार टोकांचे छोटे वर्तुळ किंवा जपानी येनचे चिन्ह दिसते. व्यंजने, स्वर, अनुस्वार, काना आणि पहिली वेलांटी यांच्या वाट्याला वर्तुळ येते. दुसरी वेलांटी, उकार, मात्रा, पाय मोडण्याचे चिन्ह आणि देवनागरी अंक यांच्या वाट्याला येन येतो. पडद्यावर अशी नक्षी दिसली की समजावे, हे यूटीएफ-८ आहे आणि ते लॅटिन-१ म्हणून वाचले गेले आहे.

एक सूचना इथेच देतो. विंडोजवर काम करणारे काही जण लॅटिन-१ च्या जागी विंडोज-१२५२ वापरतात, कारण दोन्ही सारखीच दिसतात. मराठीसाठी ती सारखी नाहीत. विंडोज-१२५२ मध्ये पाच बाइट्सना कोणतेही अक्षर नेमलेले नाही, आणि त्यांतला ८१ हा ऱ्हस्व उकाराचा शेवटचा बाइट आहे, ८डी हा पाय मोडण्याच्या चिन्हाचा, ८एफ हा ‘ए’ या स्वराचा आणि ९डी हा ‘झ’ चा. म्हणजे ज्या नावात जोडाक्षर किंवा ऱ्हस्व उकार असेल, त्यावर वाचन थांबणार. असे किती मराठी शब्द उरतील, याचा विचार वाचकानेच करावा.

मजकूर पूर्ववत करणे

लॅटिन-१ ने उघडलेल्या मजकुराची दुरुस्ती दोन पायऱ्यांची आहे. स्ट्रिंग लॅटिन-१ मध्ये एन्कोड केली की मूळ बाइट्स परत मिळतात, आणि ते बाइट्स यूटीएफ-८ म्हणून डीकोड केले की मराठी मजकूर मिळतो. लिस्ट, ट्युपल, डिक्शनरी आणि ऑब्जेक्ट यांच्या आत खोलवर शिरून प्रत्येक स्ट्रिंगवर हे करणारे एक छोटे फंक्शन लिहावे. जी स्ट्रिंग पायथन २ मध्ये मुळातच युनिकोड होती, ती आधीच शुद्ध देवनागरीत असते. ती लॅटिन-१ मध्ये एन्कोड होऊच शकत नाही, त्यामुळे पहिल्याच पायरीवर एरर येते आणि फंक्शनने ती स्ट्रिंग न बदलता सोडून द्यावी. अशा रीतीने मिसळलेली फाइलसुद्धा सुरळीत सुटते.

दुसऱ्या पायरीवर एरर आली तर मात्र स्ट्रिंग गुपचूप सोडून देऊ नये. हा धडा मला एका सार्वजनिक वाचनालयाच्या सभासद-नोंदींनी दिला. माझे फंक्शन न जमलेली स्ट्रिंग जशी आहे तशी ठेवत असे. मी वरची पन्नासेक नावे डोळ्यांखालून घातली, सगळी सुंदर मराठीत होती, आणि काम झाले असे कळवले. आठवड्याने तिथल्या ग्रंथपालबाईंचा फोन आला की, काही सभासदांची नावे चिनी का काय दिसतात. पाहतो तो सगळी लांब नावे. जुन्या प्रोग्रॅममध्ये नावासाठी ३० बाइट्सची मर्यादा होती आणि ती अक्षरांवर न लावता बाइट्सवर लावलेली होती. नुसत्या देवनागरी अक्षरांचे नाव ३० बाइट्सवर तोडले तर बरोबर दहा चिन्हे बसतात आणि काही बिघडत नाही. पण आपल्याकडे सभासदाचे नाव म्हणजे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव, म्हणजे मध्ये दोन रिकाम्या जागा. प्रत्येक रिकामी जागा एकच बाइट घेते. उरलेल्या २८ बाइट्समध्ये नऊ चिन्हे बसतात आणि शेवटी एक ई० एकटाच लोंबकळत राहतो. यूटीएफ-८ म्हणून डीकोड करताना ‘स्थान २९ वर अनपेक्षित शेवट’ ही एरर येत होती आणि माझे फंक्शन ती गिळत होते.

तेव्हापासून मी दुसऱ्या पायरीवर अडलेली प्रत्येक स्ट्रिंग तिच्या नोंदीच्या क्रमांकासह वेगळ्या फाइलीत लिहून घेतो. शेवटचे एक किंवा दोन बाइट्स काढल्यावर जर ती डीकोड होत असेल, तर ते तुटलेले नाव आहे. त्याचे हरवलेले शेपूट कोणतीही युक्ती परत आणणार नाही, ते कागदी अर्ज पाहूनच भरावे लागते. तसे होत नसेल, तर तो मजकूर यूटीएफ-८ नसण्याची शक्यता आहे. श्रीलिपी किंवा आयएसएमच्या काळातले जुने मराठी फॉन्ट वापरून टंकलेला मजकूर हा युनिकोड नसतो. त्यात अक्षरांचे आकार लॅटिन संकेतांकांवर बसवलेले असतात आणि त्यासाठी त्या-त्या फॉन्टचा परिवर्तक लागतो. पिकलची दुरुस्ती आणि फॉन्टचे परिवर्तन ही दोन कामे एकाच फंक्शनमध्ये कोंबू नयेत.

डिक्शनरीच्या कीज दुरुस्त करताना आणखी एक सापळा आहे. पायथन २ मध्ये एस्की मजकुराची साधी स्ट्रिंग आणि युनिकोड स्ट्रिंग समान मानली जात, पण देवनागरी मजकुराच्या बाबतीत त्या वेगळ्या राहत. त्यामुळे एकाच डिक्शनरीत ‘पुणे’ ही की दोनदा असू शकते, एकदा बाइट्सची आणि एकदा युनिकोडची. दुरुस्तीनंतर दोन्ही एक होतात आणि नंतर आलेली आधीच्या नोंदीला पुसून टाकते. म्हणून दुरुस्तीपूर्वीची आणि नंतरची कीजची संख्या ताडून पाहावी. ती कमी झाली असेल तर दोन्ही नोंदी समोरासमोर ठेवून कोणती खरी ते ठरवावे.

हरवलेले क्लास आणि मॉड्यूल

पिकल फाइलीत ऑब्जेक्टचा क्लास साठवलेला नसतो, त्याचा फक्त पत्ता असतो, म्हणजे मॉड्यूलचे नाव आणि क्लासचे नाव. पायथनच्या स्वतःच्या ग्रंथालयातली (म्हणजे सोबत येणाऱ्या मॉड्यूलमधली) जी नावे ३ मध्ये बदलली, त्यांची पायथन ३ आपोआप सांगड घालतो. तुमच्या प्रोग्रॅममधली फाइल तुम्ही अपग्रेडच्या निमित्ताने दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली असेल, तर मात्र मॉड्यूल सापडत नाही असे उत्तर येते. जुनी स्क्रिप्ट थेट चालवून फाइल लिहिली असेल तर पत्त्यात ‘मेन’ असे लिहिलेले असते आणि नव्या स्क्रिप्टमध्ये तो क्लास नसतो.

यावर उपाय म्हणजे अनपिकलर या क्लासचा स्वतःचा उपक्लास बनवून त्यातले ‘फाइंड-क्लास’ हे फंक्शन नव्याने लिहिणे. त्यात जुना पत्ता आला की नवा द्यायचा, एवढेच असते. याच ठिकाणी परवानगी असलेल्या क्लासची यादी ठेवून बाकी सगळे नाकारता येते, म्हणजे सुरक्षिततेचे कामही काही अंशी साधते.

शेल्फ फाइली

शेल्फ म्हणजे डिक्शनरीसारखी दिसणारी फाइल. आतले प्रत्येक मूल्य पिकल केलेले असते आणि खाली एक डीबीएम प्रकारचा छोटा डेटाबेस असतो. त्यामुळे इथे दोन थरांवर बिघाड होतो. पायथन २ शेल्फसाठी सर्वांत आधी बर्कली डीबीचा प्रकार वापरून पाहत असे, आणि त्याचे मॉड्यूल पायथन ३ मधून काढून टाकले गेले. अशा फाइलीवर ‘डेटाबेसचा प्रकार ओळखता आला नाही’ असे उत्तर येते. तेव्हा पायथन २ मधून निर्यात करावी किंवा बर्कली डीबीसोबत येणाऱ्या डीबी-डंप या साधनाने कच्च्या जोड्या बाहेर काढाव्यात.

खालचा थर उघडला तरी शेल्फ मॉड्यूलमध्ये एन्कोडिंग सांगण्याची सोय नाही. म्हणून शेल्फ बाजूला ठेवून थेट डीबीएम मॉड्यूलने फाइल उघडावी, प्रत्येक मूल्याचे बाइट्स घ्यावेत आणि ते पिकलच्या ‘लोड्स’ फंक्शनला लॅटिन-१ सह द्यावेत. उघडताना ‘आर’ हा ध्वज न विसरता द्यावा. काही दिले नाही तर शेल्फ ‘सी’ गृहीत धरतो, म्हणजे फाइल सापडली नाही तर नवी कोरी बनवतो. फाइलीच्या नावातल्या शेपटाची जराशी चूक झाली की प्रोग्रॅम एररशिवाय सुरू होतो आणि आत एकही नोंद नसते. डेटा गेला म्हणून घाबरण्यापूर्वी फोल्डरमध्ये आजच्या तारखेची नवी फाइल तयार झाली आहे का, ते पाहावे.

नव्याचे जुन्याला वाचता येत नसेल तर

प्रोटोकॉल ३ हा पायथन ३.० सोबत आला आणि तो पायथन २ ला कळत नाही. प्रोटोकॉल ४ हा ३.४ मध्ये आला आणि ३.८ पासून तो गृहीत धरला जाऊ लागला. प्रोटोकॉल ५ हा ३.८ मध्ये आला आणि ३.१४ पासून तो गृहीत धरला जातो. म्हणजे एक मशीन ३.१४ वर गेले आणि दुसरे ३.७ वरच राहिले, तर पहिल्याने लिहिलेले दुसऱ्याला वाचता येणार नाही. दोन्ही बाजू एकच फाइल वापरत असतील, तर लिहिताना प्रोटोकॉलचा आकडा स्पष्टपणे द्यावा. पायथन २ ला वाचायचे असेल तर तो आकडा २ असावा. बाहेरून घेतलेल्या मॉड्यूलच्या आवृत्त्यांचेही असेच आहे. नम्पाय २ मध्ये आतल्या ‘कोअर’ मॉड्यूलचे नाव बदलले, त्यामुळे तिथे लिहिलेली अ‍ॅरे बऱ्याच जुन्या नम्पायमध्ये मॉड्यूल सापडत नसल्याची एरर देते. तिथे पायथनची आवृत्ती खाली-वर करून काही साधत नाही.

पडताळणी

दुरुस्त डेटा नव्या जागी लिहिण्यापूर्वी एकूण नोंदी मोजाव्यात, रकमांची बेरीज जुन्या छापील अहवालाशी ताडावी, सर्वांत जुनी आणि सर्वांत नवी तारीख पाहावी, आणि सर्वांत लांब दहा नावे वाचावीत, कारण बिघाड तिथेच लपतो. तिरक्या रेघेचा लॅटिन ए ज्यात उरला आहे अशी एकही स्ट्रिंग नाही ना, याचा शोध यंत्राकडूनच घ्यावा. पायथन २ मधला हॅशचा (मजकुरावरून पायथनने काढलेला) आकडा कोणी ओळखक्रमांक म्हणून साठवला असेल, तर तो टाकून द्यावा, कारण ३.३ पासून मजकुराचा हॅश प्रत्येक वेळी प्रोग्रॅम सुरू केल्यावर वेगळा येतो.

नवी जागा शक्यतो एसक्यूलाइट (एका फाइलीत मावणारा डेटाबेस) असावी, आणि त्यात आवृत्तीचा आकडा ठेवणारा एक रकाना असावा. मूळ पिकल फाइल, तिचा चेकसम, दुरुस्तीची स्क्रिप्ट आणि अडलेल्या स्ट्रिंगांची यादी एकाच फोल्डरमध्ये ठेवून तो किमान एक वार्षिक हिशेब पूर्ण होईपर्यंत हलवू नये. वाचनालयाच्या त्या यादीतली शेवटची तीन नावे मला वार्षिक सभेच्या आदल्या दिवशी, वर्गणीच्या पावत्यांच्या जुन्या पुस्तकात सापडली.